म्यूचा जन्मदाखला

०११५डी८सीएफ. आठ चिन्हांच्या या ओळीतून बहुतेकांना काहीच बोध होणार नाही. पण निन्टेन्डोच्या गेम बॉयवर 'पोकेमॉन रेड' किंवा 'ब्लू' खेळलेल्या आणि हाताशी 'गेमशार्क' असलेल्या पिढीसाठी तो मंत्र होता. गेमशार्क म्हणजे गेम बॉयची खाच आणि खेळाचं कार्ट्रिज यांच्या मध्ये बसवायचं एक जाडजूड प्लास्टिकचं उपकरण. त्यात ही ओळ भरायची, खेळ सुरू करायचा आणि गवतात शिरायचं, की समोर म्यू उभा. म्यू म्हणजे यादीतला शेवटचा, १५१ क्रमांकाचा प्राणी, जो खेळात सरळ मार्गाने कुठेच सापडत नाही. मंत्राची फोड केली की जादू जाते, पण गंमत वाढते. सुरुवातीचा '०१' हा उपकरणाला दिलेला हुकूम: लिही. शेवटचा 'डी८सीएफ' हा पत्ता, तोही उलट्या क्रमाने मांडलेला. सरळ वाचला तर सीएफडी८. गेम बॉयच्या चालू कामाच्या मेमरीत ८,१९२ खण असतात आणि त्यातल्या या खणात खेळ एवढंच टिपून ठेवतो की आत्ता समोर कोणता प्राणी आला आहे. मधला '१५' ही तिथे लिहायची नोंद. ही मोजणी सोळाच्या पायावरची, म्हणजे एक सोळा आणि वर पाच, एकूण २१. खेळाच्या अंतर्गत यादीत म्यूचा क्रमांक २१ आहे. गेमशार्क त्या खणात सेकंदाला सुमारे ६० वेळा २१ लिहीत राहतो आणि खेळ बिचारा दर वेळी विश्वास ठेवतो. हा २१चा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे. चीट कोडने बनावट प्राणी तयार होतो, असं कोड वापरणारे आणि त्यांना नावं ठेवणारे दोघंही धरून चालतात. मला ते पटत नाही. प्राणी अस्सलच असतो. बनावट असतं ते त्याचं चरित्र. आणि म्हणून या खेळातली फसवणूक कोड टाकताना होत नाही, तो प्राणी दुसऱ्याच्या हाती देताना होते. गेल्या काही दशकांत कंपनीने, न्यायालयांनी आणि खुद्द खेळाडूंनी जे जे केलं, त्याचा अर्थ एवढ्या एका भेदाने लागतो.

'चीट कोड' हा शब्द मुळात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक प्रकार निर्मात्यानेच खेळात ठेवलेल्या गुप्त कळीचा. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते. चाचणी करताना तो फार अवघड जातो म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी बटणांचा एक क्रम घालून ठेवला. तो खेळासोबत तसाच बाजारात गेला आणि 'कोनामी कोड' म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. दुसरा प्रकार बाहेरून मेमरीत हात घालण्याचा. १९८०च्या दशकात घरगुती संगणकांच्या बेसिक भाषेत 'पीक' आणि 'पोक' असे दोन हुकूम असत. पीक म्हणजे मेमरीच्या खणात डोकावणं, पोक म्हणजे तिथे काही लिहिणं. ब्रिटनमधली संगणक मासिकं तर खेळात अमर्याद जीव मिळवण्याचे 'पोक' पानंच्या पानं छापत. (पोकेमॉनच्या नावाशी याचा काही संबंध नाही; ते 'पॉकेट मॉन्स्टर'चं लघुरूप. पण योगायोग झकास आहे.) पोकेमॉनच्या पहिल्या खेळांत पहिल्या प्रकारचा एकही कोड नव्हता. त्यातलं जे जे 'चीट' म्हणून ओळखलं जातं ते सगळं या पोक घराण्यातलं. गेमशार्क अमेरिकेत विकणारी कंपनी इंटरॲक्ट, आणि त्यामागचं तंत्र इंग्लंडातल्या डाटेलचं, जी कमोडोर ६४ च्या काळापासून 'ॲक्शन रिप्ले' नावाने असली उपकरणं करत आली होती.

या घराण्याचं वैशिष्ट्य असं, की इथे चीट करणाऱ्याला आधी निर्मात्याचा हिशेब शिकावा लागतो. खेळातल्या पैशाचंच घ्या. पैसे वाढवायला एका ओळीऐवजी तीन ओळी लागतात: ०१९९४७डी३, ०१९९४८डी३, ०१९९४९डी३. कारण खेळ रक्कम लागोपाठच्या तीन खणांत ठेवतो, प्रत्येकात दशमान पद्धतीचे दोन-दोन आकडे. तिन्ही खणांत ९९ भरले की खिशात ९,९९,९९९. किंवा भिंतीतून चालण्याचा कोड पाहा, ०१०१३८सीडी. ऐकायला हा सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो, पण भिंती त्याने नाहीशा होत नाहीत. खेळाच्या सुरुवातीला प्रोफेसर ओक तुम्हाला गवतापाशी अडवून स्वतःच्या प्रयोगशाळेत घेऊन जातात, तेव्हा पात्राचे पाय खेळ स्वतः चालवत असतो. अशा वेळी वाटेत भिंत आहे का, हे तपासायची त्याला गरज नसते, कारण वाट त्यानेच आखलेली असते. हा कोड त्या 'मीच चालवतोय' या नोंदीच्या खणात एक लिहून ठेवतो. खेळाचा समज होतो की पात्राला आपणच नेत आहोत, आणि तो तपासणी सोडून देतो. कोड शोधणाऱ्यांकडे खेळाचा मूळ मजकूर नव्हता. पैसे बदलण्यापूर्वीची मेमरी, बदलल्यानंतरची मेमरी, दोन्हींची तुलना, पुन्हा बदल, पुन्हा तुलना, असं करत करत एकेका खणाचा अर्थ लावला गेला. याला आळशांचा मार्ग म्हणणाऱ्यांनी कोड वापरणारा आणि कोड शोधणारा यांची गल्लत करू नये. शोधणाऱ्याने खेळ जितका बारकाईने वाचला तितका तो सरळ खेळणाऱ्या कुणी क्वचितच वाचला असेल.

शिवाय निर्मातेही याच आळीतले. सातोशी ताजिरी यांनी १९८३ मध्ये 'गेम फ्रीक' सुरू केलं तेव्हा ती कंपनी नव्हती. आर्केडमधल्या खेळांच्या क्लृप्त्या सांगणारं ते स्वतः लिहून, स्वतः टाचून विकायचं एक हौशी नियतकालिक होतं. त्याचा अंक दुकानात पाहून केन सुगिमोरी त्यात चित्रं काढू लागले, आणि पुढे पोकेमॉनचं रूप त्यांच्याच हातून घडलं. त्या काळच्या जपानी मुलांमध्ये 'उरावाझा' हा परवलीचा शब्द होता. मागच्या दाराची युक्ती असा त्याचा साधारण भाव. 'झेव्हियस' या विमानांच्या खेळात तर लपवलेले मनोरे आणि निशाणं खरोखरच होती. म्हणून न फुटणाऱ्या फिरत्या पाट्यांवर २५६ गोळ्या झाडल्या की त्या फुटतात, ही अफवाही लोकांनी खरी मानली. ती खोटी होती, पण आकडा पाहा: २५६, एका बाइटमध्ये मावणाऱ्या संख्यांची मोजणी. अफवा रचणाऱ्यालाही यंत्राच्या पोटातली भाषा येत होती. १९८९ मध्ये गेम फ्रीकची कंपनी झाली आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन रेड' आणि 'ग्रीन' आले. चीट कोड म्हणजे निरागस खेळावर बाहेरून पडलेला दरोडा, असं चित्र रंगवायचं तर हा इतिहास आडवा येतो. खेळाच्या पोटात काहीतरी दडवलेलं असतं आणि ते उकरून काढायचं असतं, हा संस्कार खेळ करणाऱ्यांवर आधी झाला, खेळणाऱ्यांवर नंतर.

म्यूची जन्मकथा या संस्कारातलीच आहे. खेळ जवळपास पुरा झाल्यावर चाचणीसाठी वापरलेली साधनं कार्ट्रिजमधून काढून टाकली गेली आणि त्यामुळे सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली. प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी त्या फटीत गंमत म्हणून म्यू बसवून दिला. म्हणजे निर्मात्यांची स्वतःची चीट करायची अवजारं जिथे होती, त्या रिकाम्या झालेल्या खोलीत म्यूचा पाळणा हलला. तो खेळाडूंना दिसावा असा बेत नव्हता. पण एका अनपेक्षित चुकीमुळे काहींच्या खेळात तो उगवला आणि बोलबाला झाला. मग 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकाने १९९६ च्या वसंतात २० वाचकांना म्यू देण्याची योजना जाहीर केली. अर्ज आले ७८ हजार. एरवी काही महिन्यांत ओसरायचा तो खेळाचा खप उलट चढत गेला. दुर्मिळता कशी तयार होते याचा इतका स्वच्छ नमुना सहसा मिळत नाही. जगातल्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये म्यू होता, त्याचं चित्र, त्याचे गुण, त्याचा आवाज, सगळं मुलांनी पैसे मोजून घरी आणलेलंच होतं. त्यांच्यापाशी नव्हती ती फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट. पुढे इंग्रजी आवृत्तीच्या काळात व्हर्मिलियन शहराच्या बंदरापाशी उभ्या असलेल्या एका निरुपयोगी ट्रकखाली म्यू दडला आहे, ही अफवा इतकी पसरली, याचं कारण हेच. मुलांना म्यू आत आहे हे माहीत होतं आणि ते खरं होतं. चुकला तो फक्त पत्ता. ट्रकच्या जागी सीएफडी८ असं लिहिलं की अफवेचं रूपांतर कोडमध्ये होतं.

इथे चरित्राचा मुद्दा येतो. पोकेमॉनची मूळ कल्पना जोडतारेची: दोन गेम बॉय एका तारेने जोडायचे आणि प्राण्यांची अदलाबदल करायची. रेडमध्ये मिळणारे काही प्राणी ब्लूमध्ये मिळत नाहीत आणि ब्लूमधले काही रेडमध्ये, त्यामुळे एकट्याने संग्रह पूर्ण होणं अशक्य. ही देवघेव निरर्थक ठरू नये म्हणून निर्मात्यांनी प्रत्येक प्राण्यामागे एक छोटी नोंद ठेवली: त्याला प्रथम पकडणाऱ्याचं नाव आणि त्या खेळाडूचा ओळख क्रमांक. खेळ सुरू करताना ६५,५३६ शक्यतांमधून एक क्रमांक आपोआप निघतो आणि आपण पकडलेल्या प्रत्येक प्राण्याला तो कायमचा चिकटतो. प्राणी हातोहात फिरला तरी ही नोंद पुसली जात नाही. आपल्याकडे जमीन विकली की सातबाऱ्यावर फेरफार होतो. इथे मात्र मूळ मालकाचं नाव शेवटपर्यंत राहतं आणि खेळ त्याची दखलही घेतो. परक्याने पकडलेला प्राणी दीडपट वेगाने अनुभव कमावतो. उलट तुमच्याकडे पुरेसे बॅज नसतील तर तो तुमचा हुकूम धुडकावून झोपून जातो. यावरून कळतं की निर्मात्यांच्या लेखी प्राण्याचं मोल त्याच्या आकड्यांइतकंच त्याच्या वाटचालीत होतं. कोडने आणलेल्या म्यूवर तुमचं स्वतःचं नाव पडतं, समारंभात वाटलेल्या म्यूवर वाटणाऱ्याचं. बाकी दोघांत एका बिटचाही फरक असायचं कारण नाही.

हे सिद्ध करायला तिसरा म्यू हाताशी आहे. २००३ च्या सुमारास असं उघड झालं की गेमशार्क नसतानाही, खेळातल्याच एका चुकीचा फायदा घेऊन म्यू मिळतो. दुरून आव्हान देणाऱ्या एका खेळाडूच्या नजरेत येतायेताच उडून निघून जायचं. मग २५ क्रमांकाच्या वाटेवरच्या एका पोराशी लढायचं, ज्याच्याकडे स्लोपोक नावाचा एकच प्राणी आहे. परत फिरलं की सातव्या पातळीचा म्यू समोर येतो. कारण खेळाचा अर्धवट राहिलेला हिशेब शेवटच्या प्रतिस्पर्धी प्राण्याच्या 'स्पेशल' गुणाचा आकडा उचलतो आणि त्यालाच प्राण्याचा क्रमांक समजतो. त्या स्लोपोकचा स्पेशल गुण २१ आहे. मासिकाच्या सोडतीतला म्यू, गेमशार्कचा म्यू आणि स्लोपोकच्या वाटेने आलेला म्यू, तिघांच्या पोटात तोच २१. तरीही खेळाडूंच्या जगात या तिघांची प्रतिष्ठा वेगवेगळी आहे. सोडतीतला म्यू मानाचा, स्लोपोकवाला चतुराईचा, गेमशार्कवाला हलका. प्रतिष्ठा प्राण्यात असती तर ती तिघांची सारखी असायला हवी होती. ती वाटेला मिळते आहे.

चुकीने मिळालेलं ते न्याय्य आणि कोडने मिळालेलं ते अन्याय्य, ही वाटणी अनेक जाणत्या खेळाडूंना पटते. त्यांचं म्हणणं असं, की चूक खेळाच्या आत असते, निर्मात्यांनी दिलेल्या बटणांनीच ती घडते. गेमशार्क मात्र परका आहे. युक्तिवाद टाकाऊ नाही, पण मिसिंगनोसमोर तो लटपटतो. व्हिरिडियन शहरातला म्हातारा प्राणी कसा पकडायचा याचं प्रात्यक्षिक दाखवतो. तेवढ्यापुरतं पडद्यावर तुमच्या नावाऐवजी त्याचं नाव यायला हवं, म्हणून खेळ तुमचं नाव उचलून, जंगली प्राण्यांची यादी जिथे असते त्या जागेत तात्पुरतं ठेवतो. त्यानंतर थेट सिनाबार बेटावर उडून जायचं आणि पूर्व किनाऱ्यालगत पाण्यावर फिरायचं. तिथल्या प्राण्यांची नवी यादी भरलीच जात नाही, म्हणून खेळ तुमच्या नावाची अक्षरंच प्राणी आणि त्यांच्या पातळ्या समजून वाचतो. खेळाडूचं नावच जंगल होतं. त्यातून येतो मिसिंगनो: अंतर्गत यादीतल्या १९० जागांपैकी १५१ प्राण्यांनी भरलेल्या, उरलेल्या ३९ रिकाम्या, त्या रिकाम्या जागांचा हा पाहुणा. तो दिसला की पिशवीतली सहावी वस्तू १२८ ने वाढते, कारण 'हा प्राणी पाहिला' अशी त्याची खूण पडायची जागा आणि त्या वस्तूच्या संख्येचा सर्वांत मोठा बिट एकच निघतो. त्याच्यामुळे विजेत्यांच्या दालनातली चित्रं विस्कटतात, आणि 'निन्टेन्डो पॉवर' या कंपनीच्या मासिकाने मे १९९९ मध्ये त्याच्यापासून सावध राहायला सांगितलं. गेमशार्क नाही, परकं काही नाही, तरी पिशवीत हव्या त्या वस्तूचा ढीग. परिणामाने पाहिलं तर हा कोडच आहे, फक्त तो हाताने टाकण्याऐवजी पायाने चालत टाकलेला. 'आतून' आणि 'बाहेरून' ही रेघ खेळाडूंना जवळची वाटते ती कौशल्याच्या कौतुकापोटी, आणि ते कौतुक रास्तही आहे. पण न्याय-अन्यायाचं माप म्हणून ती रेघ चालत नाही.

मग माप कोणतं? आपल्याकडे मैदानी खेळांत दोन शब्द आहेत आणि दोन्ही इथे कामाला येतात. एक 'कच्चं लिंबू'. लहान भावंड खेळात घेतलं की त्याला बाद करत नाहीत, त्याच्यावर राज्य येत नाही. त्याच्यासाठी नियम सैल असतात आणि हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरा 'रडीचा डाव'. तिथेही नियम मोडलेलाच असतो, पण मोडला नाही असा आव आणून. घरात एकटा बसून म्यू काढणारा मुलगा स्वतःला कच्चं लिंबू करून घेतो. तो कुणाला फसवत नाही, कारण फसायला समोर कुणी नाही. अमेरिकेतल्या न्यायालयाने वेगळ्या भाषेत जवळपास हेच ठरवलं होतं, तेही पोकेमॉनच्या आधी. 'गेम जिनी' नावाचं गेमशार्कच्या जातीचंच उपकरण विकणाऱ्या गॅलूब कंपनीविरुद्ध निन्टेन्डो न्यायालयात गेली. या उपकरणामुळे आमच्या खेळाची नवी, अनधिकृत आवृत्ती तयार होते, असा तिचा दावा होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. पुस्तक विकत घेणारा त्यातली पानं गाळून वाचू शकतो, चित्रपटाची कॅसेट पुढे पळवू शकतो, तसंच हे, अशा दिशेने खालच्या न्यायालयाने विचार केला होता. मधल्या काळात विक्री रोखून धरल्याबद्दल निन्टेन्डोला दीड कोटी डॉलर भरावे लागले.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप कायद्याचा नाही, आनंदाचा आहे. कष्टाने वाढवलेल्या प्राण्याची गोडी फुकटच्या प्राण्याला कशी येईल? दुसऱ्याला नसेल फसवलं, स्वतःला तर फसवलं ना? या आक्षेपात तथ्य आहे, आणि मजा अशी की खेळानेच त्याची तरतूद आधी करून ठेवली होती. 'रेअर कँडी' ही गोळी चारली की प्राण्याची पातळी एकाने वाढते, म्हणून गोळ्यांचा अखंड साठा देणारा कोड फार लोकप्रिय. पण पहिल्या पिढीच्या खेळांत प्रत्येक लढाईगणिक प्राण्याच्या अंगी गुपचूप एक वेगळी कमाई साठत असते, आणि ती गोळीने साठत नाही. त्यामुळे फक्त गोळ्या खाऊन १०० व्या पातळीवर पोचलेला चारिझार्ड आणि लढून तिथे पोचलेला चारिझार्ड दिसायला सारखे, पण दुसरा अंगापिंडाने भक्कम. म्हणजे अंगमेहनतीची पोचपावती खेळात होती, आणि साधा कोड ती देऊ शकत नव्हता. (अर्थात त्या कमाईचे खणही पुढे शोधले गेलेच.) आनंद आटतो हे खरं असलं, तरी तो ज्याचा आटतो त्यानेच कोड टाकलेला असतो. ज्याला ३० तास गवत तुडवण्यात रस नाही, फक्त संग्रह पाहायचा आहे, त्याला दुसऱ्याच्या आनंदाची मोजपट्टी लावायचा अधिकार कुणाला आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

भारतातला पोकेमॉन तर बहुतांशी या एकांतातच वाढला. पोकेमॉनची कार्टून मालिका इथे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली, पण निन्टेन्डोची यंत्रं आणि कार्ट्रिजं सहजासहजी मिळणारी नव्हती, परवडणारी तर नव्हतीच. म्हणून महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची या खेळाशी पहिली गाठ संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये पडली, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. खेळाची ती प्रत मुळातच उसनवारीची, हे वेगळं. गेमशार्कचं काम तिथे एका छोट्या चौकटीने केलं. 'फायररेड' या नंतरच्या पोकेमॉन खेळातल्या रेअर कँडीसाठी ८२०२५८४० ००४४ एवढं टाकलं की झालं. इथेही ४४ हा सोळाच्या पायावरचा आकडा, गोळीचा यादीतला क्रमांक ६८. जोडतार नव्हती, त्यामुळे देवघेव नव्हती, आणि म्हणून फसगतही नव्हती. अमेरिकी किंवा जपानी मुलांमध्ये चीट हा भांडणाचा विषय झाला तसा तो इथे क्वचितच झाला. ज्या परिस्थितीत चरित्राची किंमत शून्य, तिथे खोट्या चरित्राचा गुन्हाही शून्य. माझ्या मुद्द्याला याहून सोपा पुरावा नसेल.

कंपनीच्या वागण्यातही हाच भेद दिसतो. गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या २००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर'पासून प्रत्येक प्राण्याची आतली ४८ बाइटची माहिती गुप्त लिपीत ठेवली जाऊ लागली. किल्ली म्हणून वापरले दोन आकडे: प्राण्याची स्वतःची एक व्यक्तिगत संख्या आणि त्याला पकडणाऱ्याचा ओळख क्रमांक. वर बेरजेचा ताळा. कोडने आत काही खुडबूड केली आणि ताळा जुळला नाही, की प्राण्याचं 'बॅड एग' होतं. न उबणारं, न हटणारं अंडं पेटीत ठाण मांडून बसतं. किल्ली कशाची केली ते पाहण्यासारखं आहे. प्राणी आणि त्याचा मूळ धनी यांची गाठ. पुढे देवघेव तारेवरून इंटरनेटवर गेली, स्पर्धा जागतिक झाल्या, तसं राखणीचं ठिकाणही घरातून चव्हाट्यावर आलं. २०२३ मध्ये योकोहामाला झालेल्या जागतिक स्पर्धेत फेरफार केलेले प्राणी आणल्यावरून काही खेळाडू बाद झाले. त्यांची बाजू घेणाऱ्यांचा प्रतिवाद असा, की आमच्या प्राण्यांचे गुण सरळ मार्गाने मिळू शकतात तेवढेच होते. डावात आम्हाला कणभरही जास्त बळ मिळालं नाही, वाचला तो फक्त पैदाशीचा कंटाळवाणा वेळ. हा प्रतिवाद मला अर्धा मान्य आहे. बळाच्या दृष्टीने कुणाचं नुकसान झालं नाही, हे बरोबर. पण तो वेळ इतरांनी दिला होता, आणि सगळ्यांनी दिला असेल या समजुतीवर स्पर्धा उभी होती. कच्चं लिंबू व्हायचं तर आधी सांगावं लागतं. न सांगता तेच केलं तर तो रडीचा डाव, बळ सारखं असलं तरी.

जपानी कायदाही फिरून याच ठिकाणी आला. अनुचित स्पर्धेला आळा घालणाऱ्या तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०१८ च्या अखेरीपासून खेळाच्या साठवलेल्या नोंदी बदलणारी साधनं विकणं किंवा दुसऱ्याला तशी सेवा देणं गुन्हा ठरलं. २०२४ मध्ये कोची प्रांताच्या पोलिसांनी एका माणसाला फेरफार केलेले पोकेमॉन विकल्याबद्दल अटक केली. कायद्याचा रोख देण्या-विकण्यावर आहे. स्वतःच्या घरात स्वतःच्या म्यूशी काय करायचं, यात तो शिरत नाही. यावर कुणी म्हणेल, मग अस्सल चरित्र म्हणजे तरी काय, कंपनीचा शिक्काच ना? समारंभात वाटलेला म्यू कुणी कष्टाने पकडलेला नसतो. तोही एका यंत्राने दुसऱ्या यंत्रात लिहिलेला २१. हे मान्यच करावं लागतं. टांकसाळीतलं नाणं आणि चोरट्या भट्टीतलं नाणं यांत धातू एकच असू शकतो; नाणं चालतं ते कुणी पाडलं यावर. ज्याला ही मक्तेदारी वाटते त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. खोट्या चरित्राची तक्रार करणाऱ्या कंपनीनेच चरित्राला बाजारभाव मिळवून दिला, ७८ हजार अर्ज आले तेव्हाच.

या टांकसाळीचं दार किती अरुंद आहे, हे वीस वर्षांनी दिसलं. २७ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिले खेळ निन्टेन्डोच्या ३डीएस यंत्रावर पुन्हा विक्रीला आले, जुन्या चुकांसकट. म्हातारा, सिनाबार, स्लोपोक, सगळे जागच्या जागी. जानेवारी २०१७ पासून त्यांतले प्राणी 'पोकेमॉन बँक'मार्फत नव्या खेळांत नेता येऊ लागले आणि लोक स्लोपोकच्या वाटेने मिळवलेले म्यू घेऊन दाराशी उभे राहिले. बँकेने ते परत पाठवले. तिने २१ तपासला नव्हता. इंग्रजी आणि युरोपी आवृत्त्यांच्या म्यूसाठी तिची अट दोनच रकान्यांची होती: मूळ धन्याचं नाव 'जीएफ' आणि ओळख क्रमांक २२७९६, म्हणजे कंपनीने काही कार्यक्रमांत वाटलेल्या म्यूवरचा मजकूर. मग खेळाडू खेळातल्याच चुका अशा क्रमाने रचू लागले की त्यांतून मेमरीत हवं ते लिहिता यावं. गेमशार्क नाही, कोडची चौकट नाही. पिशवीतल्या वस्तूंची विशिष्ट मांडणी, काही पावलं, काही बटणं. त्यांनी म्यूच्या गुणांना हात लावला नाही, पातळीला लावला नाही. धन्याच्या रकान्यात जीएफ लिहिलं, गेम फ्रीकची आद्याक्षरं, आणि पुढच्या रकान्यात २२७९६. बँकेने दार उघडलं.